उजव्या कुशीवर वळलं की कान ठणकतो

*"डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर होऊन कराडला असतो. वय ६२. माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी टणक गाठ आली आहे. मधोमध खपली धरते. दिवसा तिची आठवणसुद्धा होत नाही, पण रात्री उजव्या कुशीवर वळलो की अशी कळ येते की उठून बसावं लागतं. दिवाळीच्या आधीपासून हे चालू आहे. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, मलमाच्या दोन ट्यूबा संपल्या, गुण नाही. डाव्या कुशीवर झोपावं तर डावा खांदा आखडलेला. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा मोबाइलवर वाचून म्हणतो की कॅन्सर असेल. शेजारचे म्हणतात चुना लावा, नाहीतर बिब्ब्याचा चटका द्या, मुळापासून जळून जाईल. मंडळी म्हणते, तुम्ही सारखी खपली काढता म्हणून ते बरं होत नाही. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशन करावं लागेल का? चुना लावू का? पुढच्या महिन्यात पुण्याला पुतणीचं लग्न आहे, तोवर थांबलं तर चालेल का?"*

काका, नमस्कार.

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण चुन्याची डबी तुमच्या घरातच असणार. चुना लावू नका. ओला चुना कातडी भाजतो. पानात जरा जास्त पडला तर गालाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बिब्बा त्याहून वाईट. बिब्बा उतून तोंड, मान, हात सुजलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ दुखणं बिब्ब्यापेक्षा किती तरी हलकं असतं. शिवाय एकदा कडा भाजली की खाली नेमकं काय होतं ते तपासणाऱ्या डॉक्टरलाही ओळखता येत नाही. कानाच्या कडेला कातडी आणि कूर्चा (कानाला आकार देणारा आतला लवचिक, हाडापेक्षा मऊ भाग) यांच्यामध्ये जवळजवळ काहीच नसतं. तिथे चटका दिला तर तो थेट कूर्चेपर्यंत जाणार.

आता मुख्य दुखणं. तुमच्या पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही वेळ सांगितलीत. दिवसा आठवणही नाही, आणि कुशीवर वळताच उठून बसवणारी कळ. कानाच्या वरच्या कडेला छोटी टणक गाठ, मधे खपली, पन्नाशी-साठीतला पुरुष, झोपायची बाजू तीच. एवढं वर्णन ऐकलं की आमच्या मनात पहिलं नाव येतं ते काँड्रोडर्मटायटिस नोड्युलॅरिस हेलिसिस. नाव लांबलचक आहे, घाबरू नका. कूर्चा आणि तिच्यावरची कातडी या दोन्हींचा हा दाह. १९१५ मध्ये मॅक्स विंक्लर या डॉक्टरांनी त्याचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, म्हणून जुनी पुस्तकं त्याला विंक्लरचा आजार म्हणतात. तो कॅन्सर नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. पण पत्रावरून मी एवढंच म्हणू शकतो की वर्णन या आजाराशी जुळतं. तो तोच आहे यावर शिक्का मारायला कुणीतरी कान डोळ्यांनी पाहायला हवा. त्याबद्दल पुढे लिहितो.

हे होतं कशामुळे, ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की औषधांनी गुण का आला नाही हेही कळेल.

कानाचा वरचा सगळा आकार कूर्चेचा असतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्या आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपेल तेवढ्यावरच ती जगते. पोटाला, दंडाला, अगदी गालालासुद्धा कातडीखाली चरबीचा थर असतो, दाब आला तर तो थोडा वाटून घेतो. कानाच्या कडेला तो थर जवळपास नाहीच. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. कुशीवर झोपलं की त्यातला बराच भार कानाच्या कडेवरच्या एका छोट्या उंचवट्यावर येतो आणि तासन्‌तास तिथेच राहतो. जागेपणी आपण अवघडलो की हलतो, झोपेत हलणं कमी होतं. तेवढ्या जागेचं रक्त कमी पडतं. वय वाढतं तशी कूर्चा ताठर होते, वरची कातडी पातळ होते, रक्तपुरवठा आधीच बेताचा असतो. मग कूर्चेचा आणि तिच्यावरच्या ऊतींचा एक बारीक तुकडा मरतो. शरीर तो मेलेला भाग कातडीतून बाहेर ढकलायला लागतं. तुमच्या गाठीच्या मधोमध जी खपली आहे, ती त्या वाटेवरचं झाकण. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर जखम होते ना, तिचंच हे अगदी छोटं रूप समजा.

कूर्चेच्या आवरणात संवेदनेचे तंतू भरपूर असतात, म्हणून एवढ्याशा गाठीला एवढी मोठी कळ. आणि कानाच्या पाळीला, म्हणजे खालच्या मऊ भागाला, हा आजार होत नाही. तिथे कूर्चाच नाही.

तुमच्या भागात तालमी आहेत, जुन्या पैलवानांचे जाड, मुडपलेले कान तुम्ही पाहिले असतील. त्यामागेही हेच आहे. कुस्तीत कान रगडला जातो, कूर्चा आणि तिचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं, आवरण सुटलं की कूर्चेचं पोषण तुटतं आणि ती आक्रसून वेडीवाकडी भरून येते. तिथे हे एका झटापटीत होतं, तुमच्याकडे रोज रात्री थोडं थोडं.

आता अँटिबायोटिकचं. इथे मुळात जंतूंचं दुखणंच नाही, मग जंतू मारून काय होणार? फॅमिली डॉक्टरांना दोष देऊ नका. खपली आणि लालसर कडा पाहिली की संसर्गाचा विचार येणं साहजिक आहे, आणि हा आजार रोज दिसणारा नाही. मात्र त्या दोन ट्यूबांवर काय लिहिलंय ते पाहून ठेवा. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असलेली मलमं आपल्याकडे सर्रास दिली जातात, दुकानातून मागूनही मिळतात. ती महिनोन्‌महिने लावली तर कातडी आणखी पातळ होते, आणि तुमच्या कानावर पातळ कातडी हीच तर अडचण आहे. राहिली असेल तर ती ट्यूब बाजूला ठेवा.

उजवाच कान का, असंही तुमच्या मनात असेल. बहुतेकांचं कारण सरळ असतं, झोपायची बाजू. तुमच्या बाबतीत मला आणखी एक दिसतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. सगळी नोकरी तुमचा उजवा कान खिडकीशी होता. ऊन त्याच्यावर, वारा त्याच्यावर, थंडीत घाटातला गारठाही त्याच्यावरच. उन्हाने कातडी जीर्ण होते, गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, आणि दोन्ही गोष्टी या आजाराला हातभार लावतात. मुख्य कारण मात्र दाबच. आणि डावा खांदा आखडल्यापासून तुम्हाला कूस बदलायलाच जागा उरली नाही. खांदा कधी आखडला ते तुम्ही लिहिलं नाही. कानाच्या दुखण्याच्या थोडा आधी, असं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून खरा उपचार उशीचा आहे. लोकांना हे ऐकून निराशा होते. दोन कोर्स गोळ्या झाल्या, आता काहीतरी भारी औषध मिळेल अशी अपेक्षा असते, आणि डॉक्टर म्हणतो उशीला भोक पाडा. पण या आजारात ऑपरेशनसकट सगळ्या उपायांचं यश शेवटी याच एका गोष्टीवर टेकलेलं आहे.

कापसाची उशी नको. ती दबते, गोळे होतात, भोक चार दिवसांत बुजतं. जाड फोमची उशी घ्या. कान टेकतो त्या जागी पेनाने खूण करा आणि कानापेक्षा सगळीकडून बोटभर मोठं असं आरपार भोक कापून घ्या. गादीवाल्याला सांगितलं तर तो त्याच्या लांब सुरीने पाच मिनिटांत नीट कापून देईल. घरच्या कात्रीने फोम कुरतडला जातो आणि त्या कडा टोचतात. वर अभ्रा घालायचा तर सैल आणि मऊ. भोकावर ताणून बसलेला अभ्रा कानाला पुन्हा दाबतो, मग केलेलं सगळं फुकट. मग कुशीवर झोपून बघा आणि मंडळींना सांगा की उशी आणि कान यांच्यामध्ये बोट घालून बघ. बोट सहज फिरलं पाहिजे. अडकलं तर भोक मोठं करा. डोकं खोल जात असेल तर उशी जाड घ्या.

हे झेपत नसेल तर प्रवासात मानेला लावतात ती यू आकाराची उशी गादीवर आडवी टाका आणि कान तिच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल असं झोपा. ती दुकानात तयार मिळते. तिसरा उपाय झोपेत फार उलटसुलट होणाऱ्यांसाठी: आंघोळीच्या जाड स्पंजाचा तुकडा घ्यायचा, मधे गाठीपेक्षा बरंच मोठं भोक पाडायचं, आणि गाठ त्या भोकात राहील असा तो कानावर ठेवून रुंद, सैल हेडबँडने धरून ठेवायचा. डोकं कुठेही गेलं तरी भार स्पंजावर येतो, गाठीवर येत नाही. दिसायला जरा विचित्र दिसतं. घरातले हसतील, हसू द्या.

आता सगळ्यात अवघड भाग, धीर. रात्रीची कळ सहसा काही आठवड्यांत कमी होते. गाठ जायला मात्र दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. मेलेला तुकडा बाहेर पडायचा, खालून नवं भरून यायचं, आणि कूर्चेचं काम मुळात सावकाश चालतं. माझ्याकडचे बरेच जण दुखणं थांबलं की उशी माळ्यावर टाकतात आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतात. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं इथे होत नाही. गाठ पूर्ण सपाट झाल्यावरही ती उशी तशीच वापरत राहा. नव्याने घ्यायची वेळ आली तरी भोकवालीच घ्या.

खपलीबद्दल मंडळींचं निम्मं बरोबर आहे. खपली काढल्यामुळे दुखणं झालेलं नाही, पण ती रोज काढल्याने जखम उघडी राहते आणि जंतू शिरायला वाट मिळते. शुगर असलेल्या माणसाने तर हे टाळलंच पाहिजे. खपली कोरडी पडून टोचते, म्हणून हात तिकडे जातो. त्यावर उपाय म्हणजे साधं व्हॅसलिन, सकाळी आणि रात्री, पातळ थर. वास नसलेलं, औषध नसलेलं, सगळ्यात स्वस्त मिळतं तेच. खपली मऊ राहील आणि वेळ झाली की आपोआप सुटेल. आंघोळीत साबणाचा फेस कानावरून वाहून गेला तर काही बिघडत नाही. टॉवेलने रगडू मात्र नका, टिपून घ्या.

दिवसाचा दाबही मोजा. फोन उजव्या कानाला दाबून बोलायची सवय असेल तर डावीकडे घ्या, किंवा स्पीकरवर बोला. रिटायर माणसाचे फोन लांबतात! गाडी चालवत असाल तर हेल्मेट सोडायचं नाही, पण ते चढवताना आणि काढताना दोन्ही बाजूंनी फाकवून काढा, कानावरून खरवडत ओढू नका. थंडीत कानटोपी जरूर घाला, फक्त घट्ट विणीची नको. कानाला ऊब हवी, आवळणं नको. कानामागे यंत्र लावणाऱ्या वाचकांनी यंत्राची कडी किंवा नळी कुठे घासते ते यंत्रवाल्याकडून तपासून घ्यावं. आणि ऊन. घराबाहेर पडताना टोपी घालायची तर कान झाकेल अशी रुंद काठाची घाला. गांधी टोपीने डोकं झाकतं, कान उघडेच राहतात.

आता मुलाचा प्रश्न. त्याच्यावर रागावू नका, त्याची शंका चुकीची नाही. कानाची वरची कडा ही उन्हाने होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची ओळखीची जागा आहे, आणि स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर सुरुवातीला अशाच खपली धरलेल्या टणक गाठीसारखा दिसू शकतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो खूप आढळतो. आपल्या सावळ्या कातडीला रंगाचं संरक्षण असल्याने आपल्याकडे बराच कमी, पण अजिबात नाही असं नाही. दोन्हींत फरक करताना आम्ही काय बघतो? तुमच्यासारखी दाबलं की जीव काढणारी कळ कॅन्सरच्या छोट्या गाठीत सहसा नसते, ती बहुधा दुखत नाही आणि वाढत राहते. तुमच्या आजाराची गाठ काही आठवड्यांत एका मापाची होते आणि मग तिथेच थांबते. तुमची गाठ दिवाळीपासून ज्वारीच्या दाण्याएवढीच असेल तर ती चांगली खूण आहे. पण "सहसा" या शब्दावर मी कुणाला घरी बसवणार नाही. म्हणून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचंच. कराडमध्ये वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, त्यासाठी पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही.

ते भिंगातून पाहतील. शंका वाटली तर बायोप्सी करतील. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, त्याच दिवशी घरी सोडतात. आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हे ऐकू येतं: "गाठीला लोखंड लागलं की पसरते." कातडीच्या गाठीची अशी तपासणी केल्याने कॅन्सर पसरत नाही. लोक या भीतीने महिनोन्‌महिने थांबतात आणि मग खरंच पसरल्यावर येतात, तेव्हा दोष सुईला लागतो. बायोप्सी सांगितली तर करून घ्या.

लग्नापर्यंत थांबावं का, याचं उत्तर यातच आहे. गाठ तेवढीच असेल, फक्त झोपेत दुखत असेल, तर उशी आजपासून सुरू करा आणि डॉक्टरांची वेळ लग्नाआधी मिळाली नाही तर लग्नानंतर लगेच घ्या, आभाळ कोसळणार नाही. पण गाठ आठवड्या-आठवड्याला मोठी होतेय, तिचा तळ पसरून घट्ट झालाय, खपली न काढताही रक्त येतंय, मधे खड्डा पडलाय, किंवा कानापुढे अथवा मानेत गाठ लागतेय, यातलं एक जरी असेल तर लग्नाआधी जा. आणि तीन महिने उशी नेमाने वापरूनही काहीच फरक नसेल तर पुन्हा जा, आधी बायोप्सी झालेली नसेल तर तेव्हा तिचा विषय स्वतःहून काढा.

ऑपरेशनचं म्हणाल तर ती शेवटची पायरी. त्याआधी दोन-तीन गोष्टी आहेत. गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ते टोचताना दुखतं, पण पुष्कळांना त्याने आराम पडतो. शुगरवाल्यांनी डॉक्टरांना आठवण करून द्यायची, एवढ्याशा मात्रेने फारसं काही होत नसलं तरी. दुसरं म्हणजे नायट्रोग्लिसरीनचं मलम. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या जागेला रक्त मिळतं. आपल्याकडे हे मलम मुख्यतः गुदद्वाराच्या चिरेसाठी विकलं जातं, त्यामुळे खोक्यावर तसंच लिहिलेलं असेल. दुकानदाराने चुकीचं दिलं असं समजून परत करायला जाऊ नका. मात्र तुम्ही ते आपल्या मनाने आणायचं नाही. त्याने डोकं दुखतं, बीपी उतरतं, आणि तुमची बीपीची गोळी चालू आहे. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल यांसारखी, पुरुष सहसा कुणाला न सांगता घेतात ती गोळी आणि हे मलम एकत्र झालं तर बीपी धोकादायक इतकं खाली जाऊ शकतं. लाजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. हा इशारा तुमच्यापेक्षा हे सदर गुपचूप वाचणाऱ्यांसाठी अधिक.

इतकं करूनही राहिलं तर छोटं ऑपरेशन. जागा बधिर करून गाठीखालचा खराब कूर्चेचा भाग काढतात आणि उरलेली कडा गुळगुळीत करतात, कारण टोक राहिलं तर तिथेच पुन्हा दाब येतो. पूर्वी कानाची पाचरच कापून काढत, कान थोडा लहान दिसे. आता बहुतेक वेळा कातडी राखून फक्त कूर्चा काढतात. टाके काढल्यावर माणूस जुन्या उशीवर परत गेला तर शेजारी नवी गाठ येते. म्हणजे ऑपरेशन केलं तरी उशी सुटत नाही. मग ती आधीच करून बघायला काय हरकत आहे?

तुमच्या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं लिहितो, कारण कानाबाहेरचं प्रत्येक दुखणं हे नव्हे, आणि काहींत उशिरा जाणं महागात पडतं. कानाच्या वरच्या भागात टोचून घेतल्यावर, मग ती बुगडी असो की भिकबाळी की हल्लीच्या मुलामुलींच्या तीन-चार रिंगा, वरचा कान लाल, गरम, सुजलेला झाला आणि खालची पाळी मात्र नेहमीसारखी राहिली, तर तो कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. तिथले जंतू बरेचदा साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि वेळ गेला तर कूर्चा विरघळून कान कायमचा चुरगळतो. कानावर किंवा कानात पाण्याचे फोड, आग होणं आणि तोंड एका बाजूला वाकडं होणं, ही नागीण. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर फायदा जास्त. शुगर असलेल्या माणसाच्या कानात आतून खोल ठणका, पाणी किंवा पू येत असेल तर तेल घालत बसू नये, तो संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. कडेवर पांढरट, खडूसारखी, सहसा न दुखणारी गाठ आणि सोबत पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजण्याचा इतिहास असेल तर युरिक ॲसिड तपासा. आणि पाळी जाड, गाठीगाठीची झाली, दुखत अजिबात नाही, अंगावर बधिर चट्टे आहेत, तर सरकारी दवाखान्यात जाऊन कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो.

तुमच्याकडे परत येतो. खांद्याचं दुखणं मी सोडून देणार नाही. शुगरवाल्यांमध्ये खांदा आखडणं बरंच जास्त दिसतं, आणि तुमचा डावा खांदा सुटला तर उजव्या कानाचा निम्मा भार आपोआप उतरेल. फिजिओथेरपीवाल्यांकडून व्यायाम शिकून घ्या, ते रोज करावे लागतात. तोवर रात्रीचा काही वेळ तरी पाठीवर झोपायचा प्रयत्न करा. डाव्या दंडाखाली घडी घातलेली चादर ठेवली की खांदा ओढला जात नाही, आणि उजव्या बाजूला अंगालगत लोड लावला की झोपेत तिकडे वळणं कमी होतं. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी अलीकडे झाली नसेल तर तीही करून घ्या. साखर वर असताना कुठलीच जखम लवकर भरत नाही, कानाची तर नाहीच.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि त्या दोन रिकाम्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. मुलाला मोबाइलचं काम द्यायचंच तर हे द्या: दर रविवारी उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून गाठीचा एक फोटो. डॉक्टरांना त्या फोटोंचा कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त उपयोग होईल. पुण्याला लग्नघरी मुक्काम असेल तर उशी सोबत घ्या. कार्यालयातल्या गाद्यांवर मिळणाऱ्या उशा दगडासारख्या असतात, आणि लग्नाच्या गडबडीत तुमच्यासाठी कुणी फोम कापत बसणार नाही.